‘शंखावती’ प्रकल्प-संच: किनारा झकास, नद्या चुकल्या

आठवी-नववीच्या भूगोल प्रकल्पासाठी ‘शंखावती’ या काल्पनिक किनारी देशाचा संच सध्या बेळगावात मिळतो. आत ए-२ मापाचा कोरा नकाशा, झेंड्याचा कागद, नोटांचा तक्ता आणि देशाची पूर्वपीठिका सांगणारी पुस्तिका.

नकाशाचा कागद जाड आहे, पाणरंग पलीकडे उतरत नाही. खाड्या, भूशिरं, पुळणी मन लावून काढल्यात. पण मुख्य नदी डोंगरमाथ्यावरच फुटते, एक फाटा समुद्राकडे जातो नि दुसरा पठारावर. नद्या वाटेत एकमेकींना मिळतात. फुटतात बहुधा मुखाशी, त्रिभुज प्रदेशात. आपल्या खानापूर तालुक्यातच बघा: कणकुंबीची मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे वळते, त्याच तालुक्यातली म्हादई गोव्यात उतरून मांडवी होते. दोघींच्या मध्ये जलविभाजक आहे, म्हणजे पावसाचं पाणी दोन बाजूंना वाटणारी डोंगररेषा. म्हणून शाई फिरवण्याआधी पेन्सिलीनं डोंगरमाथे जोडणारी तुटक रेषा मारा आणि दोन्ही उतारांवर दोन वेगळ्या नद्या काढा. पठार सगळं हिरवं रंगवायचं नाही. कणकुंबीला धो धो पाऊस नि अथणीला कोरडं रान, तसंच इथंही डोंगराआड पाऊस कमी पडणार.

दुसरी चूक प्रमाणाची. १ सेंमी = ५ किमी धरलंय. १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र (किनाऱ्यालगतचा, देशाच्या ताब्यातला पट्टा) २२.२ किमीचा, तो ४.४ सेंमीत बसतो. पण पुस्तिका त्याच कागदावर २०० सागरी मैलांचं अनन्य आर्थिक क्षेत्र (जिथल्या मासळीवर नि खनिजांवर त्या देशाचाच हक्क असतो) दाखवायला सांगते. ते होतं ३७०.४ किमी, म्हणजे ७४ सेंमी. कागदाची लांब बाजूच ५९.४ सेंमी! कोपऱ्यात १ सेंमी = ५० किमी असा छोटा नकाशा जोडला की काम भागतं. सागरी मैल १.८५२ किमीचा असतो. मुलं रस्त्यावरच्या मैलाच्या हिशोबानं १.६ नं गुणतात आणि हद्द किनाऱ्याकडे सरकते.

पूर्वपीठिकेसाठी मात्र हा संच जरूर घ्यावा. शंखावतीचं जुनं बंदर घाटवाटेवर जगलं आणि रेल्वे दुसऱ्या बंदराला गेल्यावर ओसरलं, हे कारणासकट दिलंय. वेंगुर्ल्याचा माल आंबोली घाटानं बेळगावला चढायचा, पुढं रेल्वे मार्मागोव्याला पोचली. इथल्या मुलांना ते पान लगेच समजतं. भाषांच्या रकान्यात मात्र एकच ओळ आहे. घाटाखाली एक बोली नि वर दुसरी, बाजारात दोन्ही, हे लिहायला जागा हवी होती. समासात लिहावं लागतं.

नोटांचा तक्ता ठीक. झेंड्याचा कागद १५×२० सेंमीचा आहे, पुस्तिकेत प्रमाण २:३ लिहिलंय. १२×१८ चा चौकोन आखून कापा, पण मधला शंख कापल्यानंतर काढा. आधी काढला तर मध्य चुकतो. पावसाळ्यात पातळ डिंक वापरू नका, कागद फुगून सुरकुततो. घट्ट खळ चारी कडांना लावा आणि रात्रभर वह्यांच्या वजनाखाली ठेवा.