नागपूरच्या वर्धा रोडचा डबल डेकर पूल: साडेतीन तारे

तीस वर्षं नकाशेच काढले, म्हणून पूल दिसला की माझी नजर आधी खांबाकडे जाते. खाली जुना वर्धा रोड, मधात हायवेचा उड्डाणपूल, वर मेट्रो. ३.१४ किलोमीटर, २०२२ मध्ये गिनीज बुकात नोंद. पण मला आवडली ती काटकसर. दोन पूल वेगवेगळे उभारले असते तर खांब दुप्पट अन् जागाही जास्त. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं शहरात जमिनीच्या बाजारभावावर तेवढीच दिलासा रक्कम मालकाला द्यावी लागते, म्हणजे पैसे दुप्पट. इथं एकाच रांगेत दोन्ही कामं निपटली. डोकं लावलं राजेहो!

उज्ज्वल नगरहून मेट्रोत बसलो, सीताबर्डीला उतरलो. डबा स्वच्छ, मे महिन्यात एसी म्हणजे स्वर्गच. बाहेर निघालो तर ऑटोवाल्यानं मेट्रोच्या तिकिटापेक्षा जास्त मागितले.

दीड तारा कापला तो खालच्या रस्त्यासाठी. संध्याकाळी खांबांच्या मधात वळायचं म्हणजे आपणच हॉर्न होऊन जातो. अन् आमच्या गल्लीतल्या सिमेंट रोडचं बोलतच नाही. तो अंगणापेक्षा वीतभर उंच झाला, पावसाळ्यात पाणी सरळ आमच्या ओसरीत.