घोड्याच्या नाकातली बुरशी: गोळ्या, धुणं की शस्त्रक्रिया?

तोबऱ्यातल्या हरभऱ्यावर रक्ताचे चार थेंब दिसले, तेव्हा मला वाटलं नाकात काडी गेली असेल. उजव्या नाकपुडीतून दोऱ्याएवढी धार आली आणि पाचेक मिनिटांत थांबली. त्याच नाकपुडीतून पंधरा दिवस पांढरट शेंबूड येत होता, आम्ही सर्दी म्हणून सोडून दिला होता. मग आठ दिवस पेनिसिलिन टोचलं. नवव्या रात्री परत घोळणा फुटला, सकाळी पागेत घोडं गेलेलं. तेव्हापासून चिकोडी-निपाणीकडचं कुणी 'बुरशीवर कुठलं औषध चांगलं?' असं विचारलं की मी आधी विचारतो, रक्त आलं होतं का?

कारण बुरशी बसली कुठे, यावर सगळं ठरतं. घोड्याच्या घशाच्या वर, जबड्याच्या मागे हवेच्या दोन पिशव्या असतात. डॉक्टर त्यांना गटरल पाऊच म्हणतात. एकेकीत 300 ते 500 मिली हवा मावते आणि छताला लागूनच मेंदूकडे जाणारी धमनी असते. ॲस्परजिलस जातीची बुरशी बहुतेकदा तिथेच चिकटते आणि धमनीची भिंत पोखरते. पहिलं रक्त थोडंच येतं. पुढच्या मोठ्या रक्तस्रावाआधी कधी काही दिवस मिळतात, कधी काही आठवडे. रक्त आलेल्या आणि शस्त्रक्रिया न झालेल्या घोड्यांपैकी साधारण निम्मी दगावतात.

म्हणून रक्त आलं असेल तर माझ्या मते तुलनेला जागाच नाही, धमनी बंद करून घ्यायची. मानेतल्या धमनीतून बारीक नळी सरकवून जखमेच्या दोन्ही बाजूंना धातूची कॉइल किंवा फुगा बसवतात. दोन्ही बाजूंना अशासाठी, की हृदयाकडची बाजू बांधली तरी मेंदूकडून रक्त उलटं येतं. रक्त तुटलं की बुरशी बहुतेकदा आपोआप झडते. मात्र चारा-पाणी नाकातून परत येत असेल तर गिळण्याची नस दुखावलेली असते. ती कॉइलने सुधारत नाही, तसं घोडं वाचवणं अवघड.

पिशवीत नळी घालून औषधाने धुणं स्वस्त पडतं, पण ते रोज करावं लागतं आणि आठवडेच्या आठवडे चालतं. रक्त येऊन गेलेल्या घोड्याला ते करू देऊ नका. पाण्याच्या जोराने धमनीवरची गुठळी सुटू शकते.

बुरशी नाकाच्या पोकळीत असेल, म्हणजे श्वास घोरल्यासारखा येतो, एक नाकपुडी बंद वाटते, आत गाठ दिसते, तर गोळ्यांचा विचार करता येतो. फ्लुकोनाझोल पोटातून छान शोषलं जातं. 300 किलोच्या घोड्याला पहिल्या दिवशी किलोमागे 14 मिग्रॅ, म्हणजे 150 मिग्रॅच्या 28 गोळ्या, आणि पुढे रोज 10 गोळ्या. पण ॲस्परजिलसवर ते चालत नाही. तिथे इट्राकोनाझोल लागतं, किलोमागे 5 मिग्रॅ, म्हणजे 100 मिग्रॅच्या 15 कॅप्सूल एका वेळेला. कॅप्सूल अंगाला कमीच लागते, पातळ औषध मिळालं तर तेच घ्या. दोन्ही महिनोन्‌महिने चालतात, म्हणून आधी तुकडा काढून बुरशीची जात तपासा, नाहीतर चार महिन्यांचा पैसा चुकीच्या गोळीवर जातो. नायट्याची ग्रिसिओफुल्विन इथे काहीच करत नाही.

आयोडाइड, म्हणजे आयोडीनचं मीठ, सगळ्यात स्वस्त. नाकातल्या गाठींवर बरेच डॉक्टर ते जोडीला देतात आणि त्यात चूक नाही. डोळ्यांतून पाणी, अंगावर कोंडा, चंदी सोडणं असं दिसलं की थांबवायचं. गाभण घोडीला मात्र अजिबात नाही, शिंगराला गलगंड होतो. डबक्याच्या पाण्यातून येणाऱ्या रायनोस्पोरिडियम नावाच्या जंतूच्या तांबड्या, फुलकोबीसारख्या गाठी कापून मूळ जाळावं लागतं, गोळ्यांचा फारसा उपयोग नाही.

यातलं काहीही ठरवण्याआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी सरकारी डॉक्टरांकडून करून घ्या. शेंबूड त्यातही येतो, आणि तो रोग माणसालाही होतो.

माउलींचे अश्व अंकलीहून आळंदीला चालत जातात, तो हा आपला मुलूख. घोड्यावर जीव असलेली माणसं इथे पुष्कळ आहेत, पण घोड्याच्या नाकात घालायचा लांब एंडोस्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची नळी, तालुक्याच्या दवाखान्यात सहसा नसतो. शिरवळ, मुंबईत परळ, बंगळुरात हेब्बाळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पण घोडं गाडीत चढवण्याआधी फोन करून दोनच प्रश्न विचारा: एंडोस्कोपी होते का, आणि धमनी बंद करणारा सर्जन आहे का. तोवर घोडं पळवायचं नाही, यात्रेची शर्यत तोंडावर आली असली तरी. भिजून काळा पडलेला कडबा आणि बुरसटलेला भुईमुगाचा पाला त्याच दिवशी पागेबाहेर काढा. माझ्या घोड्याच्या दावणीत त्या पावसाळ्यात तोच होता.