औषधांवरच राहावे की शस्त्रक्रिया करावी? आटोक्यात न येणाऱ्या मिरगीचा विचार

घरातील एखाद्याला मिरगी आहे, दोन-तीन प्रकारच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू आहेत, तरीही महिन्यातून दोन-चार झटके येतातच आणि आता डॉक्टरांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचे नाव काढले आहे, अशा कुटुंबासाठी हा आढावा आहे. शस्त्रक्रियेचा धोका सगळ्यांच्या नजरेसमोर असतो. झटक्यांसह जगण्याचा धोका मात्र सवयीचा झाल्यामुळे हिशेबात धरलाच जात नाही, आणि तुलना तिथेच चुकते.

औषधे खरोखरच हरली आहेत का, हे आधी ठरवावे लागते. सन 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लासगो येथील अभ्यासात, पूर्वी कधीच औषध न घेतलेल्या रुग्णांपैकी 47 टक्के पहिल्याच औषधाने झटकेमुक्त झाले, दुसऱ्या-तिसऱ्या औषधाने आणखी 14 टक्के, आणि दोन औषधे एकत्र देऊन जेमतेम 3 टक्क्यांची भर पडली. म्हणूनच योग्य निवडलेली, पुरेशा मात्रेत नियमित घेतलेली दोन औषधे निष्फळ ठरली, की तिसऱ्या-चौथ्या गोळीवर फार आशा ठेवता येत नाही. मात्र आपल्याकडे नियमितपणा पाळणे सोपे नाही. कृषिपंपाला रात्रीची वीज असली की माणूस रात्रभर ओलितावर असतो, रात्रीची गोळी घरीच राहते, आणि जागरण हे तर स्वतःच झटक्याला निमंत्रण असते. उपवास, लग्नसराई, आरोग्य केंद्रातील संपलेला साठा, यांमुळेही खंड पडतो. काही महिने गोळी आणि झोप दोन्ही काटेकोर सांभाळून, प्रत्येक झटका भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंदवून पाहावे. तज्ज्ञांकडील तपासणी मात्र त्यासाठी लांबवू नये.

औषधांची जमेची बाजू अशी, की ती बदलता येतात, कमी-जास्त करता येतात, बंदही करता येतात. शस्त्रक्रियेत मात्र झटके जिथून सुरू होतात तो मेंदूचा भाग काढला जातो, आणि काढलेला भाग परत बसवता येत नाही. पण पुढची वीस-तीस वर्षे झटके आणि गोळ्या दोन्ही सोबत राहणार असतील, तर त्याची किंमत मोठी आहे. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात, फिनोबार्बिटोनने सुस्ती येते. व्हॅल्प्रोएट गरोदरपणी चालू राहिले तर साधारण दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळते आणि दहापैकी तीन-चार मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे लग्नाच्या वयाच्या मुलीसाठी हा प्रश्न वेगळाच होतो. मिरगीच्या रुग्णांत अचानक मृत्यूचे प्रमाण वर्षाला हजारात सुमारे एक असते, आणि मोठे झटके आटोक्यात नसतील तर ते बरेच वाढते. त्यात बिनकठड्याची विहीर, पेटती चूल आणि दुचाकी यांचा धोका वेगळा.

शस्त्रक्रियेच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे, पण तो निवडक रुग्णांपुरता. कॅनडात 80 रुग्णांवर झालेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कानशिलामागच्या टेम्पोरल भागातून सुरू होणाऱ्या मिरगीत, शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून शस्त्रक्रियेच्या गटातील 58 टक्के रुग्ण वर्षभर मुक्त राहिले, तर केवळ औषधांच्या गटातील 8 टक्के. दिल्लीच्या एम्समध्ये अठरा वर्षांपर्यंतच्या 116 मुलांवर झालेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेच प्रमाण 77 आणि 7 टक्के होते. मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 33 टक्के मुलांत गंभीर दुष्परिणाम नोंदले गेले, ज्यांत अंगाची एक बाजू कमजोर होणे हेही होते, आणि काही शस्त्रक्रियांत ते आधीपासून अपेक्षितच असते. गुण कायम टिकेल असेही नाही. लंडनमध्ये 615 प्रौढांचा पाठपुरावा केला तेव्हा शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त राहिलेले पाच वर्षांनी 52 टक्के आणि दहा वर्षांनी 47 टक्के होते. गोळ्याही लगेच सुटत नाहीत. एक-दोन वर्षे त्या चालूच ठेवाव्या लागतात.

टेम्पोरल शस्त्रक्रियेत जीव जाण्याचा धोका एक टक्क्याहून कमी असतो. मला त्याहून अधिक विचार करण्याजोगा वाटतो तो स्मरणशक्तीचा प्रश्न. डावी बाजू बहुधा भाषेची असल्यामुळे तिकडच्या शस्त्रक्रियेनंतर दहापैकी सुमारे चौघांत नावे, निरोप, वाचलेले लक्षात ठेवण्याची क्षमता घटते. बारावीच्या विद्यार्थ्याला किंवा किराणा दुकानाची उधारी तोंडपाठ ठेवणाऱ्याला हा तोटा जितका जाणवेल, तितका प्रत्येकाला जाणवेलच असे नाही. नजरेच्या वरच्या कोपऱ्यातला थोडा भाग दिसेनासा होतो, तो अनेकांच्या ध्यानातही येत नाही.

तपासणीला होकार देणे म्हणजे शस्त्रक्रियेला होकार देणे नव्हे, हे सासर-माहेरच्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवावे. व्हिडिओ ईईजीसाठी, म्हणजे झटक्याचे चित्रण आणि मेंदूतील विद्युत लहरींची नोंद एकाच वेळी घेण्यासाठी, काही दिवस दाखल व्हावे लागते, स्मरणशक्तीची चाचणी होते, एमआरआय होतो. घरच्यांनी मोबाइलवर टिपलेला झटका इथे फार उपयोगी पडतो: आधी पोटातून काही वर चढल्यासारखे वाटले का, नजर एकाच जागी खिळली का, ओठ चघळल्यासारखे हलले का, एक हात पदराशी चाळा करत असताना दुसरा ताठ झाला का. झटका कोणत्या बाजूने सुरू होतो, याचा माग त्यातून लागतो.

ही सोय सर्वत्र नाही. मुंबईचे केईएम, दिल्लीचे एम्स आणि 1995 पासून अशा शस्त्रक्रिया करणारे तिरुवनंतपुरमचे श्री चित्रा ही सार्वजनिक केंद्रे जाणती आहेत. नागपूरहून केरळ एक्स्प्रेस थेट जाते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया आणि आपण निवडलेले रुग्णालय बसते का, हे आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाला, आधी विचारावे, आणि सोबतच्या माणसाचा मुक्काम व बुडणारी मजुरी वेगळी धरावी. हंगाम पाहून तारीख घ्यावी, हे योग्यच आहे. मुलीच्या सोयरिकीची घाई म्हणून घेऊ नये.

दोन औषधे खरोखर हरली, एमआरआयमध्ये टेम्पोरल भागात एकाच बाजूला व्रण दिसला आणि व्हिडिओ ईईजीनेही तीच जागा दाखवली, तर मी शस्त्रक्रियेकडे झुकेन, आणि वर्षे वाया जाण्याआधी ती व्हावी असे म्हणेन. अंतिम शब्द अर्थातच रुग्णाचा असावा. झटके दोन्ही बाजूंनी उठत असतील, किंवा जागा बोलण्याच्या वा हात हलवण्याच्या केंद्राला खेटून असेल, तर औषधांवर राहणेच बरे. लहान मुलांत कीटोजेनिक, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थांच्या आहाराचाही विचार होतो. एमआरआयमध्ये काहीच दिसले नसेल आणि तो साध्या यंत्रावर काढलेला असेल, तर निर्णय घेण्याआधी तीन टेस्लाच्या, म्हणजे अधिक ताकदीच्या चुंबकाच्या यंत्रावर, मिरगीसाठीच्या खास पद्धतीने तो पुन्हा काढून घ्यावा, कारण पहिल्या फिल्मवर न दिसलेला व्रण त्यात कधी कधी सापडतो.