अडकलेला गिअरबॉक्स घरी उतरवण्यासाठी घेतलेला जॅक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर माझ्या जिप्सीचा क्लच चढावर घसरू लागला आणि क्लच प्लेट बदलण्यासाठी गिअरबॉक्स घरीच उतरवायचे ठरवून मी अर्धा टन क्षमतेचा, चाकांवरचा, बुटका गिअरबॉक्स जॅक विकत घेतला. तेव्हापासून तो तीनदा वापरला आहे: दोनदा माझ्या गाडीसाठी आणि एकदा मित्राच्या जुन्या जीपसाठी. घरी काम करणाऱ्याने हा जॅक घ्यावा असेच माझे मत आहे, पण त्यामागचे कारण खरेदीच्या वेळी माझ्या मनात होते त्याहून वेगळे निघाले. मला वाटले होते की तो वजन उचलण्यासाठी लागतो. प्रत्यक्षात त्याची खरी किंमत गिअरबॉक्स सरळ रेषेत धरून ठेवण्यात आहे.

सुरुवातीची उघडझाप एका दिवसात आटोपली. बॅटरीची तार सोडली, गाडी चार घोड्यांवर (खालून आधार देणाऱ्या लोखंडी स्टँडांवर) घेतली, गिअरचा दांडा आतून काढला, प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा), क्लचची केबल आणि सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) बाजूला केले, इंजिनाच्या मागच्या बाजूला फळी ठेवून दुसऱ्या जॅकचा आधार दिला आणि बेल हाउसिंगचे, म्हणजे क्लच झाकणाऱ्या आणि गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या कवचाचे, सगळे बोल्ट काढले. तरीही गिअरबॉक्स जागचा हलेना. अशा वेळी सर्वात आधी टॉर्च आणि आरसा घेऊन एखादा बोल्ट राहिला आहे का ते पाहावे. वरच्या बाजूचा बोल्ट हाताला लागतो, पण डोळ्यांना दिसत नाही. माझ्याकडे मात्र बोल्ट राहिलेला नव्हता.

आमचे घर रत्नागिरीजवळ खाडीच्या काठी आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत बसावेत म्हणून दोघांच्या मध्ये पोलादी डॉवेल पिना असतात आणि त्या अॅल्युमिनियमच्या बेल हाउसिंगमधील भोकांत घट्ट बसतात. हे दोन धातू खाऱ्या दमटपणात एकमेकांना टेकून राहिले की अॅल्युमिनियम झिजते, त्याची पांढरी भुकटी तयार होते, आणि ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे पिनेला आवळून धरते. टॉर्चच्या उजेडात पाहिले तेव्हा खाली डावीकडे सुमारे तीन मिलिमीटर फट पडली होती आणि वर उजवीकडे कागदही शिरत नव्हता. म्हणजे वरची पीन अडकली होती आणि मी खालून पहार लावून गिअरबॉक्स आणखी तिरका करत होतो. फुगलेला खण एका बाजूने ओढला की अधिकच घट्ट बसतो, तसाच हा प्रकार होता.

येथून पुढे जॅकचा उपयोग झाला. त्याची वरची पाटी दोन स्क्रूंनी पुढेमागे आणि आडवी कलवता येते. गिअरबॉक्स साखळीने बांधून मी तो पुन्हा आत ढकलला आणि चारही बाजूंची फट सारखी होईपर्यंत पाटी थोडी थोडी कलवत राहिलो. पिनेभोवती गंज सोडवणारे तेल दोन रात्री मुरू दिले. तिसऱ्या संध्याकाळी ते तेल नीट पुसून, पेट्रोलच्या नळीपासून दूर राहून, पिनेभोवतीचे अॅल्युमिनियम गरम हवेच्या गनने तापवले, कारण तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. मग दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठेवून मी आणि पुतण्याने आळीपाळीने हलके ठोके दिले. सुपारी फुटावी तसा आवाज झाला आणि फट दोन्हीकडे एकदम सारखी उघडली. स्क्रूड्रायव्हर किंवा छिन्नी या फटीत कोणीही घालू नये. त्या पृष्ठभागावर पडलेला ओरखडा पुढे गिअरबॉक्स नीट टेकू देत नाही.

पीन सुटली तरी घाई करू नये. इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्समधून पुढे आलेला दांडा) क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत गिअरबॉक्सचे वजन त्या शाफ्टवर लटकले, तर प्लेटचा मधला भाग वाकतो. बसवताना तर नवीच प्लेट त्यात खराब होऊ शकते. जॅकमुळे हा धोका टळला. मध्ये अंतर उरले असताना बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून बसवण्याचा मोह मी कटाक्षाने टाळला, कारण तसे करताना हाउसिंगचा बोल्ट बसणारा कान तुटू शकतो.

जॅकचे दोषही सांगायला हवेत. त्याचा उतरवण्याचा व्हॉल्व्ह फार तीव्र आहे. पाव फेरा जास्त फिरला तरी गिअरबॉक्स धाडकन खाली येतो, म्हणून दुसऱ्या माणसाशिवाय मी तो उतरवत नाही. लोखंडी चाके अंगणातल्या चिऱ्यांच्या सांध्यांत अडकतात, त्यामुळे खाली प्लायवूड अंथरावे लागते. शिवाय जॅक बुटका असला तरी त्यावर ठेवलेला गिअरबॉक्स बाहेर सरकवण्यासाठी गाडी अपेक्षेपेक्षा बरीच उंच घ्यावी लागते. घोड्या विकत घेण्याआधी हे अंतर मोजून घ्यावे. जीपच्या कामानंतर जॅकच्या दट्ट्यापाशी तेलही पाझरू लागले आहे.

मे महिन्यात क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) मागच्या ऑइल सीलमधून तेल ठिबकू लागले. ऑक्टोबरमध्ये सगळे उघडलेले असताना ते सील न बदलणे ही माझी चूक होती आणि तिच्यापायी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला. मात्र पहिल्या वेळी मी पिना पॉलिश पेपरने साफ करून त्यांवर गंजरोधक पेस्टचा पातळ थर दिला होता. सात महिन्यांनी त्या पिना काळपट, पण कोरड्या आणि स्वच्छ निघाल्या, पांढऱ्या भुकटीचा कणही नव्हता. पाटी नीट कलवून घेतल्यावर गिअरबॉक्स हातानेच मागे सरकला, आणि पाचरी टूलबॉक्समध्येच राहिल्या.