कुलिंग मॅट की ओला टॉवेल?
कुत्र्यासाठी दोन्ही वापरून झालंय. जेलची मॅट सोपी, वीज नको पाणी नको, पण अंगाच्या गरमीने थोड्या वेळात स्वतःच तापते, मग रिकामी ठेवावी लागते, आणि चावरं पिल्लू असेल तर नकोच, फाडून जेल खाईल. मला टॉवेलच जास्त पटतो, फक्त पाठीवर पांघरू नका प्लीज, आत गरमी कोंडते, खाली अंथरा, पोट आणि पंजे भिजवा आणि पंखा लावा. कुत्र्याला घाम जवळपास फक्त पंज्यांनाच येतो म्हणून नुसत्या पंख्याचा फारसा उपयोग नाही, पोट ओलं असलं की मात्र आमचा चारी पाय पसरून गाढ झोपतो. धाप थांबतच नसेल, हिरड्या लालभडक दिसल्या तर साध्या पाण्याने भिजवत लगेच डॉक्टर गाठा.