एअरबॅगचा लाइट विझत होता, पण एअरबॅगच काढून नेल्या होत्या

2024 च्या मे महिन्यात लक्ष्मी रोडच्या ऐन गर्दीत माझ्या गाडीचा हॉर्न वाजेनासा झाला. दुसऱ्या दिवशी मी नाना पेठेतल्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेले. काकांनी आधी बॅटरीची वायर काढली, मला दहा मिनिटं थांबायला सांगितलं आणि मग स्टिअरिंगच्या मधलं कव्हर सोडवलं. ते हातात घेतलं आणि तसेच थांबले. दोनदा हातात तोलून पाहिलं.

"ताई, हे रिकामं आहे."

कव्हरच्या आत थर्माकोलचा तुकडा चिकटवलेला होता. एअरबॅगला जाणारा पिवळा प्लग लोंबकळत होता. त्याच्या दोन पिनांमध्ये तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा तुकडा, खुपसून वर काळी टेप गुंडाळली होती. टेप उन्हाने चिकट झाली होती, तिचा चिकटा काकांच्या बोटांना लागला. तेवढी काडी आठ महिने मला सांगत होती की गाडीत एअरबॅग आहे.

हे लिहितेय ते त्या आठ महिन्यांसाठी. कारण ते सगळे दिवस माझा बारा वर्षांचा मुलगा शेजारच्या सीटवर बसत होता, आणि त्याच्या समोरच्या डॅशबोर्डमध्येही काही नव्हतं.

गाडी मूळची दादाची. 2008 सालची दोन सीटची स्पोर्ट्स कार, छत उघडणारी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही. दादा कॅनडाला गेला तेव्हा त्याने ती माझ्या नावावर करून दिली. रविवारी पहाटे खडकवासल्यापर्यंत किंवा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचं, एवढाच तिचा वापर.

2023 मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. रजिस्ट्रेशन पुढे वाढवून घ्यायचं, म्हणजे आरटीओत गाडी दाखवायची. नेमका त्याच सुमारास मीटरवर एअरबॅगचा लाल लाइट लागून राहायला लागला. सातारा रोडच्या बाजूला एक मोठं, चकाचक गॅरेज आहे. तिथे मालकाने स्कॅनर लावला, स्क्रीनकडे बघून मान हलवली आणि मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. अतिशय आदबीने बोलत होता.

"मॅडम, पंधरा वर्षं झालेल्या एअरबॅग म्हणजे स्टिअरिंगमध्ये ठेवलेला बॉम्ब." त्याने फोनवर फोटो दाखवले. फुटलेले धातूचे तुकडे, रक्त. जपानच्या टाकाटा कंपनीचं प्रकरण सांगितलं. ते प्रकरण खरं आहे, आणि म्हणूनच मी फसले. टाकाटाच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या डबीत, अमोनियम नायट्रेट असायचं. वर्षानुवर्षं ऊन आणि दमट हवा लागली की ते खराब होतं, अपघाताच्या वेळी प्रमाणाबाहेर वेगाने जळतं आणि इन्फ्लेटरचं धातूचं कवच फुटून तुकडे अंगात घुसतात. त्यात माणसं गेली आहेत. जगभर कोट्यवधी इन्फ्लेटर बदलावे लागले आणि 2017 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली.

पण त्याने जे सांगितलं नाही ते असं. त्या इन्फ्लेटरच्या गाड्या कोणत्या, हे मॉडेल, साल आणि चेसिस नंबरवरून ठरतं. आपल्या गाडीचा नंबर त्यात असेल तर कंपनी नवीन एअरबॅग फुकट बसवून देते. एअरबॅग काढून टाकून गाडी तशीच चालवा, असं कुठलीही कंपनी सांगत नाही. मी नंतर अधिकृत वर्कशॉपमध्ये चेसिस नंबर देऊन विचारलं. पाच मिनिटांचं काम, एक पैसा लागला नाही. माझी गाडी त्या यादीत नव्हती.

दुसरी गोष्टही त्याने अशीच अर्धी सांगितली. "कायद्याने ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती 1 जुलै 2019 पासून, तीही नवीन गाड्यांना. तुमच्या गाडीला लागतच नाही." तारीख बरोबर आहे. पण ज्या गाडीची रचनाच एअरबॅग धरून केलेली आहे, तिच्यातून ती काढली तर ती जुन्या काळच्या बिनएअरबॅगच्या गाडीसारखी होत नाही, त्याहून वाईट होते. अशा बऱ्याच गाड्यांत सीटबेल्ट एका मर्यादेपर्यंत ताण घेतो आणि मग बरगड्या वाचाव्यात म्हणून मुद्दाम थोडा सैल सोडतो. पुढे आलेल्या छातीला आणि डोक्याला झेलायला एअरबॅग असणार, हा त्यामागचा हिशेब. ती नसेल तर बेल्ट आपल्याला स्टिअरिंगकडेच जाऊ देतो. हे मला काकांनी बेल्ट हातात धरून समजावलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

गॅरेजचा मालक बावीस हजार रुपयांत दोन्ही एअरबॅग "सुरक्षितपणे निकामी" करून देतो म्हणाला. काढलेल्या परत मागितल्या तर म्हणाला, "स्फोटक माल आहे मॅडम, नियमाप्रमाणे नष्ट करावा लागतो." गॅरेजच्या लेटरहेडवर शिक्का मारून एक सर्टिफिकेट दिलं. त्या कागदाला कवडीचीही किंमत नाही. दोन दिवसांनी गाडी मिळाली. चावी फिरवली की लाल लाइट चार-पाच सेकंद लागायचा आणि विझायचा, अगदी नव्या गाडीसारखा. आरटीओचं कामही झालं. मी निर्धास्त झाले.

खरं तर हा विझणारा लाइटच सगळ्यांत मोठी फसवणूक आहे. गाडीतला कंट्रोलर एअरबॅग आहे की नाही हे बघत नाही. तो फक्त त्या सर्किटचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजतो, आणि तो दोन-तीन ओहमच्या आसपास आला की समाधानी होतो. तेवढ्या रोधाचा रेझिस्टर काही रुपयांत मिळतो. स्कॅनरही "फॉल्ट नाही" असंच सांगतो. वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा. अपघातात एअरबॅग उघडलेल्या गाड्या हाच उपाय करून विकायला उभ्या करता येतात. चावी फिरवल्यावर लाइट मुळीच लागला नाही, तर तो मीटरमधूनच बंद केलेला असू शकतो. लागून विझला, तरी आत एअरबॅग आहे याचा तो पुरावा नाही. जाणकार माणसाकडून कव्हर उघडून एअरबॅगचं अख्खं युनिट, म्हणजे मॉड्यूल, डोळ्यांनी बघा, त्यावरचं पार्ट नंबरचं आणि बारकोडचं स्टिकर बघा. स्वतः मात्र उघडायला जाऊ नका, आणि खऱ्या एअरबॅगला मल्टिमीटर तर अजिबात लावू नका. तेवढ्या करंटनेही ती उडू शकते. काकांनी बॅटरी काढून थांबायला लावलं ते याचसाठी. बॅटरी सुटली तरी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो.

मूळ बिघाड काय होता? स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो मी पहिल्याच दिवशी सहज काढून ठेवला होता. काकांनी तो मोठा करून वाचला. फॉल्ट शेजारच्या सीटखालच्या सेन्सरचा होता, एअरबॅगचा नव्हताच. सीट मागे-पुढे करताना खालचा प्लग ढिला होतो, जुन्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. तो प्लग त्याने गुपचूप नीट बसवलाच असणार, नाहीतर नुसत्या रेझिस्टरने लाइट विझला नसता. म्हणजे मालकाने तो स्क्रीन वाचला होता आणि मग मला चहाला बोलावलं होतं.

हॉर्न का गेला तेही तेव्हाच कळलं. हॉर्नचे संपर्क एअरबॅगच्या बैठकीशीच असतात. डुप्लिकेट कव्हर तिथे नीट बसलं नव्हतं.

गॅरेजवर गेले तर मालक भेटला नाही. फोनवर म्हणाला, "तुमच्या संमतीनेच काढलं, मॅडम." बिल मी घेतलं नव्हतं. पण पैसे यूपीआयने दिले होते, ते सर्टिफिकेट होतं, स्क्रीनचा फोटो होता, आणि काकांसमोर काढलेला रेझिस्टरचा व्हिडिओ होता. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. दोन वर्षांच्या आत करावा लागतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. प्रकरण चालू आहे. माझ्या दोन्ही एअरबॅग चांगल्या होत्या. त्या आज कुणाच्या तरी गाडीत बसवून विकलेल्या असतील, याचा राग अजून जात नाही.

ड्रायव्हरच्या बाजूची नवीन एअरबॅग अधिकृत वर्कशॉपमधून बसवून घेतली, मॉड्यूलवरच्या स्टिकरचा फोटो काढूनच गाडी ताब्यात घेतली. डॅशबोर्डमधली परदेशातून यायची आहे. मुलगा दर शनिवारी रात्री विचारतो, उद्या सिंहगड? मी म्हणते, स्कूटरवर जाऊ.