पोलिओच्या पायासाठी पॉलिप्रॉपिलिनचा लांब कॅलिपर

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी नष्ट करतो, त्यामुळे पायाची ताकद जाते; स्पर्शाची आणि वेदनेची जाणीव मात्र शाबूत राहते. त्यामुळे कॅलिपर, म्हणजे अशक्त पायाला बाहेरून आधार देणारे साधन, चुकीच्या जागी रुतला, तर त्याचे प्रत्येक घासणे पायाला कळते. अनेक वर्षे धातूच्या सळ्या, चामड्याचे पट्टे आणि कायमचा जोडलेला बूट असा जुन्या पद्धतीचा कॅलिपर वापरल्यानंतर मांडीपासून पावलापर्यंतचा, पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकचा कॅलिपर घेतला, आणि त्याविषयी माझे मत एकंदरीत अनुकूल आहे.

वजन कमी असणे हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. पोलिओ होऊन गेल्यानंतर कित्येक दशकांनी काही जणांना पोस्ट-पोलिओ सिंड्रोम होतो, म्हणजे उरलेल्या स्नायूंतही नव्याने अशक्तपणा आणि थकवा येतो. अशा पायाला प्रत्येक पावलागणिक जड धातू उचलायला लावणे अन्यायाचे आहे. शिवाय पाऊल धरणारा भाग बुटाच्या आत बसत असल्यामुळे टाचेची उंची सारखी असेल, तर बूट बदलता येतात. उणीव घामाची आहे: प्लास्टिकचे कवच हवा जाऊ देत नाही, म्हणून आत लांब सुती मोजा घालणे आवश्यक ठरते.

तरीही खरा कस गुडघ्याच्या लॉकचा, म्हणजे कॅलिपरचा गुडघ्याजवळचा सांधा सरळ अडकवून ठेवणाऱ्या भागाचा, लागतो. मांडीचा पुढचा स्नायू निकामी असल्यास लॉकशिवाय गुडघा अचानक दुमडतो आणि माणूस पडतो. पाय सरळ होताच आपोआप खाली सरकणारी कडी भरवशाची आहे, पण बसताना दोन्ही बाजूंच्या कड्या हाताने वर उचलाव्या लागतात. हातांतही अशक्तपणा असलेल्यांनी खुर्चीच्या कडेने दाबून सुटणारे मागच्या दांड्याचे लॉक मागावे.

कवच बनवण्यासाठी पायाचा प्लास्टरचा साचा घेताना घाई करू देऊ नये. कवच कुठे टोचत असेल, तर तेवढा भाग तापवून आकार बदलता येतो. कार्बन फायबरच्या कॅलिपरमध्ये ही सोय जवळजवळ नाही. मात्र ज्यांच्या पायाची सूज दिवसभरात कमी-जास्त होते, त्यांना कडक कवचापेक्षा सैल-घट्ट करता येणारे चामडी पट्टेच अधिक सोयीचे पडतील.